ओटीतले वाल

आमच्या घरात मला कोणी कडधान्य निवडायला देत नाही. नवरा तर म्हणतो, हिच्यापुढं मसुराचं ताट ठेवलं की दुपारचं जेवण संध्याकाळी होणार. त्यात खोटं काही नाही. बाकीच्या बायका ताटात खडे शोधतात, मी रोग शोधते. एखादा दाणा जरा मळकट दिसला, सुरकुतलेला दिसला, की तो उचलून मी खिडकीशी जाते, उजेडात उलटासुलटा करून बघते, आणि तोवर गॅसवरचं आधण आटून जातं.

नोकरीनं लावलेली ही खोड आहे. नाशिकमधल्या एका बियाणं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. नाशिकची आणि शेतीशी संबंधित नोकरी म्हटल्यावर लोक लगेच द्राक्षांचं विचारतात, नाहीतर कांद्याचं. माझं काम हरभरा, तूर, मूग, उडीद, वाल असल्या मंडळींशी आहे असं सांगितलं की त्यांचा चेहरा पडतो. पडू दे.

काम ऐकायला सोपं आहे. बियाणं दिसायला कितीही चांगलं असलं तरी बुरशी त्याच्या सालीवर, सालीखाली, कधी थेट आतमध्ये मुक्काम करून बसलेली असते. दाणा पेरला की तीही पेरली जाते. तिला पेरणीआधी पकडायचं. त्यासाठी काचेच्या बशीत, म्हणजे आमच्या बोलण्यात प्लेटमध्ये, ओला टिपकागद घालायचा, त्यावर चिमट्यानं एकेक दाणा शेजाऱ्याला शिवणार नाही असा मांडायचा आणि झाकण लावायचं. दाणे फुगले, मोड डोकावायला लागले, की प्लेट एका रात्रीपुरती डीप फ्रीजमध्ये. गारठ्यानं दाणा मरतो. मेलेला दाणा बुरशीला अडवू शकत नाही, त्यामुळे आत जी कोणी दडून बसली असेल ती निवांत बाहेर येते. मग काही दिवस उजेड आणि अंधार आलटून पालटून द्यायचा, आणि शेवटी मायक्रोस्कोपखाली बघायचं, कोण कोण आलंय.

कोण कोण आलंय, असंच आम्ही म्हणतो. इतक्या वर्षांच्या ओळखीत बुरश्यांचेही स्वभाव कळतात. एक काळी असते, टाचण्या टोचून ठेवल्यासारखी ताठ उभी राहते, तिचं फारसं मनावर घ्यायचं नाही. एक कापसासारखी फोफावते आणि सगळ्या प्लेटभर हातपाय पसरते, तिला शिस्त म्हणून नाही. काही तर इतक्या देखण्या असतात की नवीन मुलींना मी मुद्दाम बोलावून दाखवते. एकीशी मात्र माझं वाकडं आहे. ती मुळं कुजवणारी. दाण्यावर मिरपूड शिंपडावी तसे तिचे बारीक काळे कण दिसतात. शेतात ती पीक ऐन भरात आल्यावर, जमीन तापायला लागली की डोकं वर काढते, आणि हिरवंगार झाड बघता बघता मान टाकतं. उपटून मुळाची साल सोलली की आत कोळशाची भुकटी. तिला प्लेटमध्ये पाहिलं की मी आजही तोंडातल्या तोंडात एक शिवी देते.

हे एवढं सगळं सांगायचं कारण माझी ताई.

ताई माझी थोरली बहीण. ती घोटीच्या बाजूला, भाताच्या गावात दिली. भात निघाला की त्याच खाचरात, जमिनीत उरलेल्या ओलीवर ती वाल टाकते. हे वाल आमच्या आईचे. तपकिरी, टपोरे, पाठीवर पांढरी रेघ असलेले. आईच्या माहेरची रीत अशी की मुलगी सासरी निघाली की तिच्या ओटीत तांदूळ, नारळ, खण यांच्या जोडीला मूठभर वालाचं बियाणं घालायचं, आणि ते तिनं सासरच्या जमिनीत आपल्या हातानं लावायचं. आजीनं आईला दिलं, आईनं ताईला दिलं. मला नाही दिलं. माझं लग्न नाशिकच्या नोकरदार घरात झालं, दुसऱ्या मजल्यावर. आई म्हणाली, "तू कुठं लावणार गं, गॅलरीत?" माझ्या ओटीत तिनं वालांऐवजी बदाम घातले. सगळ्यांनी बदामांचं कौतुक केलं, मीही हसले. पण मला ते फार लागलं होतं. ते मी कधी कोणापाशी बोलले नाही.

ताईच्या मुलीचं लग्न सायखेड्याला ठरलं तेव्हा ताई एकदा माझ्याकडं आली. स्थळ चांगलं होतं, नदीकाठची बागायती जमीन, माणसं मोकळी. तरी ही आपली पलंगाच्या कडेला बसून पदराचं टोक बोटाला गुंडाळतेय. दोनदा चहा झाला तरी बोलेना. शेवटी म्हणाली, "औंदा वाल गेलं गं माझं."

"गेलं म्हणजे?"

"शेंगा धरल्या आन् झाडांनी माना टाकल्या. पट्टेच्या पट्टे वाळले. उपटून पाह्यलं तं मुळाला काळी भुकटी."

ताईला बुरशीचं नाव ठाऊक नव्हतं, पण तिनं वर्णन केलं ते तंतोतंत तिचंच, माझ्या वैरिणीचं.

"जे वाचलं ते कोठीत भरलंय," ताई म्हणाली. "पण आता हिच्या वटीत घालू का नको? तिकडं रानात जाऊन असंच झालं तं? माहेरावरून रोग आणला म्हणतीन. जलमभर ऐकावं लागंल माझ्या लेकीला."

"मग यंदा नको घालूस," मी पटकन बोलून गेले.

ताईनं माझ्याकडं असं पाहिलं की मला वाक्य परत गिळावंसं वाटलं. "आजीपासून आलेलं माझ्यापाशी थांबवू?" ती म्हणाली. मग जरा वेळानं, "तू एवढं सगळ्या दुनियेचं बियाणं तपासती. माझं तपास ना. तू म्हणली बरंय तं घालीन, तू म्हणली वाईट तं नाय घालायची." ताईनं मला आयुष्यात काही मागितल्याचं मला आठवत नाही. ती देणारी. तांदूळ, शेंगा, लोणचं, सल्ले, सगळं देणारी. मी लगेच हो म्हटलं.

पुढच्या आठवड्यात भाची ब्लाउज शिवायला टाकायला नाशिकला आली, तिच्याबरोबर ताईनं वाल पाठवले. आईच्या हिरव्या लुगड्याचा तुकडा होता, त्याची पुरचुंडी. सोडून पाहिली आणि मला भरूनच आलं. एकेक दाणा असा की बघत राहावं. सगळे सारख्या आकाराचे, तकतकीत, कुठं डाग नाही की सुरकुती नाही. एवढा रोग येऊनही ताईचे वाल असे! मी साहेबांची परवानगी घेतली आणि निम्मे दाणे तपासायला काढले. उरलेले आमच्या नियमाप्रमाणे पुरचुंडीसकट नमुन्यांच्या कपाटात ठेवले.

प्लेटा उघडायच्या दिवशी मी देवाला नमस्कार करून गेले होते. एकेक दाणा फिरवून बघत गेले. इकडं तिकडं किरकोळ हिरवी बुरशी, एखादी काळी टाचणी. वैरीण कुठंच नाही. माझा जीव भांड्यात पडला. ताईला सांगायला मी फोन हातात घेतलासुद्धा, आणि तिथंच थांबले. झाडं पट्ट्यानं वाळली, मुळांत कोळसा, आणि बी इतकं निर्मळ? असं मी एवढ्या वर्षांत पाहिलं नव्हतं.

फोन लावला. "ताई, हे वाल कोठीतून जसेच्या तसे घेतलेस ना?"

"हो मंग."

"निवडले नाहीस ना?"

"निवडल्याबिगर कशी पाठवीन?" ताईच्या आवाजात खरोखरचं आश्चर्य होतं. "तुझ्या हापिसात जायचे ते. तुझे सायेब पाहणार. डागी दाणे दिसले तं काय म्हणतीन, हिच्या माहेरी असलं पिकतं? आळीतल्या चौघीजणी बसलो व्हतो आम्ही. सगळी कोठी उपसली आन् त्यातलं लय चांगलं तेवढंच काढलं. मंग फडक्यानं पुसलं एकेक."

"पुसलंस?"

"वल्या नाय गं," मला धीर द्यावा तसं ती म्हणाली. "कोरड्या फडक्यानं."

मी कपाळाला हात लावला. निवडलेले नमुने आमच्याकडं येत नाहीत असं नाही, पण ते पाठवणाऱ्यांना आपण काय करतोय ते पक्कं ठाऊक असतं. इथं तर चौघी बायकांनी उन्हात बसून, मुलगी दाखवायची असावी तसे वाल नटवून पाठवले होते, आणि तेही माझी अब्रू राखायला. हे आता सुचतं. तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. "अगं ताई," मी ओरडले, "रक्त तपासायला जाताना तोंडाला पावडर लावून काय उपयोग?"

"तुझ्यासाठी केलं आन् तूच वरडती," एवढं म्हणून ताईनं फोन ठेवला.

ताईचा रुसवा म्हणजे साधं काम नाही. लहानपणी ती रुसली की आई स्वयंपाक सोडून तिच्या मागं फिरायची. दोन दिवस तिनं माझा फोन घेतला नाही. रविवारी मी घोटीची बस धरली, पुढं काळीपिवळीतून गाव गाठलं आणि तिच्या दारात जाऊन उभी राहिले. ताई अंगणात पापड वाळत घालत होती. तिनं मान वर करून पाहिलं आणि आत बघून भाचीला हाक मारली. "तुझ्या मावशीला विचार, पाणी पाहिजे का."

"तुझ्या आईला सांग, पाणी नको, कोठी पाहिजे," मी म्हणाले.

अशी ती सगळी सकाळ गेली. भाची बिचारी दोघींच्या मध्ये. कोठी पत्र्याची, तिच्यात कडुनिंबाचा पाला आणि राख घालून वाल ठेवलेले. मी बाही वर सारून खांद्यापर्यंत हात घातला, तळातले, मधले, वरचे, बाजूचे असे घेत गेले आणि मोठ्यानं भाचीला सांगत राहिले, "नमुना असा घ्यायचा असतो. चांगला नाही, वाईट नाही. येईल तो." ताई उंबऱ्याशी उभी राहून भिंतीकडं बघत ऐकत होती. मी काढलेल्या दाण्यांत चपटे होते, काळपट होते, सुरकुतलेले होते. तिच्यानं ते बघवेनात. एकदा तिचा हात पुढं आलाच, एक काळा दाणा उचलायला. मी तिच्या हातावर हलकीच चापट मारली. तिनं हात मागं घेतला, पण मला दिसलं, ओठाच्या कोपऱ्यात हसू होतं.

जेवायला बसल्यावरही तेच. "मावशीला भाकरी वाढ." "आईला सांग, बास." शेवटी भाची वैतागली. "मी तं चालली सायखेड्याला," ती म्हणाली, "मंग तुमचं दोघींचं कोण बोलणार?"

ताईच्या हातातलं भाकरीचं पीठ तसंच राहिलं. ती पाठमोरी झाली आणि तिनं कोपरानं डोळे पुसले. मग माझ्याकडं न बघताच म्हणाली, "अर्धी घे अजून. वाळली नुसती." त्या भाकरीबरोबर रुसवा संपला. निघताना तिनं मला एसटीपर्यंत सोडलं आणि बस सुटता सुटता खिडकीशी येऊन विचारलं, "आता खरं काय ते कळंल ना?"

"कळेल," मी म्हणाले. मला ते कळायला नको होतं.

खरं काय ते पहिल्याच प्लेटमध्ये कळलं. झाकण काढून मायक्रोस्कोपखाली सरकवली आणि बघितलं तर मिरपूड. दुसऱ्या दाण्यावर मिरपूड, एक सोडून पुढच्यावर मिरपूड. सगळ्या प्लेटा होईपर्यंत मी खुर्चीतून उठले नाही. रोज असले निकाल मी सहीनिशी पाठवते आणि डबा उघडून जेवायला बसते. त्या दिवशी डबा तसाच घरी गेला. बाकी काही नाही, ताईच्या लेकीची ओटी रिकामी करायचं काम माझ्या हातून व्हायचं होतं, याचं मला रडू येत होतं.

फोनवर सांगायचं धाडस झालं नाही. लग्नाचा बस्ता बांधायला ताई नाशिकला येणारच होती, तेव्हा तिला मी प्रयोगशाळेतच बोलावलं. ती आली, दाराबाहेर चपला काढल्या, पदर सारखा केला आणि देवळात यावं तशी हळू पावलं टाकत आत आली. मी तिला स्टुलावर बसवून मायक्रोस्कोपला डोळे लावायला सांगितले.

"मला तं माझ्याच पापण्या दिसत्यात."

"जरा मागं हो. आता?"

ती बराच वेळ बघत राहिली. टेबलाची कड तिनं घट्ट धरली होती. "हे का ते?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं. तिनं डोळे बाजूला केले आणि मग नुसत्या डोळ्यांनी प्लेटमधला तो दाणा पाहिला. "आन् हे मोड? मोड आले व्हते याला?"

मी तिला डीप फ्रीजचं सांगितलं. ऐकून ती माझ्याकडं बघतच राहिली. "मोड आलेले दाणे मारले तू? कशी गं तू!"

"मारल्याशिवाय कळत नाही, ताई."

तिनं पिशवी उचलली, उभी राहिली. मला वाटलं रडेल, पण नाही. "बरं झालं बाई आधी कळलं," ती म्हणाली. "नारळ घालीन, तांदूळ घालीन. लोक बदाम बी घालतात." ते बदाम माझ्या काळजात जाऊन रुतले. तिला त्यात काही म्हणायचं नव्हतं, ती खरंच आपली काय घालता येईल ते आठवत होती. दारापर्यंत गेली आणि वळली. "ती फडक्याची पुरचुंडी तेवढी दे. आईच्या लुगड्याची हाय."

मी कपाट उघडलं. पुरचुंडी हातात घेतली तर ती जड लागली. निम्मे वाल तिच्यात तसेच होते. मी ते बाहेर ओतून घ्यायला गाठ सोडली, तळहातावर ते तकतकीत दाणे आले, आणि मी तिथंच थबकले. हे तेच वाल. ह्यांच्याच भावंडांमध्ये मला वैरीण सापडली नव्हती.

"ताई, बस जरा," मी म्हणाले.

मग मी तिला समजावलं. ही बुरशी ज्या दाण्यात शिरते त्याला बहुतेक वेळा बिघडवते. तो भरत नाही, काळपट पडतो, सुरकुततो. चौघींनी कोठी उपसून डागी, चपटे, सुरकुतलेले सगळे दाणे मागं ठेवले म्हणजे वैरिणीलाच मागं ठेवलं. म्हणून ह्यांतले निम्मे तपासले तरी ते चांगले निघाले. म्हणजे उरलेलेही बहुतेक चांगले.

"मी काय रोग वळखून निवडलं का?" ताई म्हणाली. "दिसायला बरं दिसावं म्हून निवडलं."

"ते मला माहीत आहे. तरी पण."

"मंग हे घालू वटीत?"

आता मला खरं बोलणं भाग होतं. "शंभर टक्के सांगता येत नाही, ताई. वरून चांगल्या दिसणाऱ्या दाण्यातही कधी कधी ती असते. हवं तर ह्यातले अजून थोडे तपासते."

"नको," तिनं पुरचुंडी माझ्या हातातून काढूनच घेतली. "तू सगळे मारून टाकशील." मग दाणे पुन्हा फडक्यात भरत म्हणाली, "लेक देताना तरी शंभर टक्के कोण सांगतं?"

मी कागदावर भाचीसाठी लिहून दिलं की लावायच्या आधी ट्रायकोडर्माची, म्हणजे रोगाच्या बुरशीला खाणाऱ्या चांगल्या बुरशीची, पावडर चोळायची, पहिल्या वर्षी मोठ्या रानात नेऊ नयेत, घराजवळ वेगळ्या कोपऱ्यात लावावेत, आणि एखादं झाड मान टाकायला लागलं तर मुळासकट उपटून जाळावं. ताईनं तो कागद ब्लाउजमध्ये ठेवला. मला मग सुचलं. "आणि तू? तू काय पेरशील? कोठीतलं पेरायचं नाही बरं का. चांगलं तेवढं सगळं हे एवढंच आहे."

"हरभरा टाकीन," ताई म्हणाली. "वाल पुढं लेक देईल ना मला. वानवळा म्हून." आणि पुरचुंडीची गाठ मारून ती बस्त्याला गेली. तिच्या खाचरात इतक्या वर्षांत पहिल्यांदाच वाल नसणार होते, आणि तिच्या चेहऱ्यावर मुलीचं सगळं सामान पुरं झाल्याचं समाधान होतं.

लग्न उन्हाळ्यात झालं. पाठवणीच्या वेळी सगळ्या बायका जमल्या, भाचीला पाटावर बसवलं, ताईनं हळदकुंकू लावलं. तांदूळ झाले, खण-नारळ झाला. मग तिनं कमरेची पुरचुंडी काढली. मी तिच्याजवळच उभी होते. घालणार, तेवढ्यात तिचा हात थांबला. तिनं वाल तळहातावर पसरले आणि तिथं, रडणाऱ्या मुलीसमोर, वाजंत्री दारात खोळंबलेली असताना, ते निवडायला लागली! सायखेड्याच्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. मला हसू आवरेना आणि रडूही आवरेना. ताईनं एक दाणा बाजूला काढला, बाकीचे दोन्ही हातांनी मुलीच्या ओटीत घातले. तो एक दाणा पुरचुंडीत टाकून तिनं ती माझ्या हातात कोंबली. "डागी हाय," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "घाल तुझ्या मशिनीखाली."

बायका हसल्या. भाची गाडीत बसली, ताई गाडीमागं चार पावलं धावली आणि मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवून मोठ्यानं रडली. पुरचुंडी मी पर्समध्ये टाकली होती, ती मी विसरूनही गेले.

दुसऱ्या दिवशी घरी पर्स आवरताना ती हाताला लागली. दाणा काढला आणि सवयीनं खिडकीशी गेले. उजेडात धरला, फिरवला, पांढऱ्या रेघेच्या दोन्ही अंगांनी पाहिला. भिंग आणून पाहिला. डाग नव्हता. सुरकुती नव्हती. त्या सगळ्या वालांत तो सगळ्यांत टपोरा असावा. डागी दाण्यावर डाग दिसायला मला काही मायक्रोस्कोप लागत नाही, आणि ताईलाही लागत नाही. बदामांची गोष्ट मी तिला कधी सांगितली नव्हती. तिला ती न सांगताच ठाऊक होती, आणि इतकी वर्षं तिनंही कधी तसं दाखवलं नव्हतं. मी खिडकीशीच खाली बसले आणि पोटभर रडून घेतलं.

तो दाणा मी तपासला नाही. गॅलरीत मोठी कुंडी आणली आणि लावला.

पावसाळ्यात वेल ग्रिलवर चढला, दिवाळीपर्यंत कपडे वाळत घालायच्या दोऱ्या त्यानं काबीज केल्या. नवरा टॉवेल कुठं टाकू म्हणून रोज विचारायचा. थंडीत शेंगा धरल्या. मी एकही शेंग खुडू दिली नाही. सगळ्या वेलावरच वाळू दिल्या, मग वेल उपटला आणि मुळाची साल नखानं सोलून बघितली. आत पांढरंशुभ्र होतं. तिकडं सायखेड्यालाही भाचीचे वाल चांगले आले होते. तिचा वानवळा जायचाच होता. पण ताईकडं पहिली मूठ माझी जावी असं मला वाटत होतं, आणि ते मी भाचीला सांगूनही टाकलं.

एका सुट्टीच्या दिवशी मी शेंगा फोडून वाल ताटात घेतले आणि निवडायला बसले. त्या दिवशी आमच्याकडं दुपारचं जेवण खरोखरच संध्याकाळी झालं, आणि नवरा एक अक्षर बोलला नाही. आईच्या लुगड्याच्या त्याच तुकड्यात वाल बांधले आणि घोटीची बस धरून ताईकडं गेले. तिनं पुरचुंडी ओळखली. गाठ सोडली, वाल बघितले, आणि कितीतरी वेळ त्यांच्यावरून नुसती बोटं फिरवत राहिली.

"गॅलरीतले?" तिनं विचारलं.

"गॅलरीतले."

"निवडलेत का गं?"

"निवडले. पुसले पण."

ताईनं माझ्याकडं डोळे बारीक करून पाहिलं. "वल्या फडक्यानं का कोरड्या?"

"कोरड्या," मी म्हणाले.